बांधावरचा एकुलता एक फोटो

मी मुळातच संशयी. कलिंगड कापून दाखवायला लावतो आणि लाल निघालं, तर एवढं लाल कसं म्हणून विचारतो. शहागंजातल्या जुन्या सामानवाल्यानं माझ्यापेक्षा वयानं मोठा एक घडीचा कॅमेरा दाखवत "एकदम चालू है साब" म्हटलं, तेव्हा मी आधी फिल्म मागवली, ती त्याच्या दुकानात नेऊन फोटो काढून पाहिला आणि मगच कॅमेरा घरी आणला.

बटण दाबलं की कॅमेऱ्याच्या तोंडातून काळापांढरा फोटो बाहेर येतो, पण येतो तो कोराच. त्याला लगेच उजेडापासून लपवावं लागतं, नाहीतर तो जळतो. खिशात थोडा वेळ राहिला की हळूहळू माणसं उमटतात. निगेटिव्ह नाही, दुसरी प्रत नाही.

वाटणी झाल्यापासून बाबा आणि मोठे काका बोलत नव्हते. काकांनी नांगरता नांगरता बांध आमच्याकडं सरकवला, असं बाबांचं म्हणणं, आणि काकांचं नेमकं उलटं. एक दिवस बाबा म्हणाले, "दोघा भावांचा एक फोटू काढ. आता वय झालं." मला भरून आलं. उस्मानपुऱ्यातल्या घरून मोटारसायकलवर आम्ही गावी, देवगाव रंगारीला गेलो. कॅमेऱ्यात दोनच फोटो उरले होते.

काका शेतातच भेटले. कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "मोबाईल नाय का तुझ्याजवळ?"

"आहे काका. पण ह्याचा फोटो एकच निघतो."

"कुणाला द्यायला? मोजणीवाल्याला?"

संशयाच्या बाबतीत मी काकांवर गेलोय.

तरी ते उभे राहिले. जागा बाबांनी निवडली, बांधावर, हद्दीच्या दगडाशेजारी. मला म्हणाले, "मागं इहीर येऊ दे रं. शोभा येती." मी बटण दाबलं आणि बाहेर आलेला फोटो सवयीनं शर्टात सरकवला.

"काय लपवलंस?" काका ओरडले.

"उजेड लागला तर जळतो, काका."

"काढ भाईर!"

काढला. काकांनी तो भर उन्हात डोळ्यांसमोर धरला. कोरा होता, कोराच राहिला. "कोऱ्या कागदावर माझा अंगठा घ्यायला आलाव व्हय दोघं बापलेक?" म्हणत ते निघालेच. बाबांचा चेहरा पार उतरला. मी आडवा गेलो, हात जोडले. "आता निघेल तो तुमच्याच खिशात ठेवा. मी हातसुद्धा लावणार नाही."

दोघं पुन्हा तिथंच उभे राहिले. दुसरा फोटो बाहेर येताच काकांनी स्वतः ओढून घेतला आणि बंडीच्या खिशात घालून वरून तळहात दाबून धरला. आम्ही तिघं बांधावर बसलो. बाबांनी पाण्याची बाटली पुढं केली. काका प्याले, आणि पाऊसपाण्यावर दोन शब्द बोललेही. मला इतका आनंद झाला की फोटो नाही उमटला तरी चालेल असं वाटलं.

पण उमटला. दोघं भाऊ, सारखेच खांदे पाडून उभे. काका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचा अंगठा खाली सरकला.

"दगडबी आलाय," ते हळूच म्हणाले, "अन् मागं इहीरबी. मधलं अंतर लई साफ दिसतंय." बाबांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. फोटो परत खिशात घातला आणि विहिरीकडं चालू लागले.

परतताना बाबा मागं बसले होते. फाटा ओलांडल्यावर म्हणाले, "दुसरा निघत नाय ना त्याचा?"

"नाही."

"मोबाईलवर तरी घ्यायचा व्हतास. दगड नीट आला व्हता."

कलिंगडवाल्यावर संशय घेतला, त्या सामानवाल्यावर घेतला. बाबांवर घ्यावा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता बाबांनी प्रेमानं हाक मारली, की ओ देण्याआधी माझ्या तोंडून निघतं, "कशाला?"