मागचं काढायचं नाही

१७ नोव्हेंबरला माझ्या थोरल्या मेहुण्याने भंगारवाल्याला रोख ४८,७५० मोजले आणि एक मोडकी गाडी दोर लावून वर्कशॉपमध्ये ओढून आणली. तिला मागची काच नव्हती, एक दार नव्हतं आणि सीटवर मांजरीने संसार थाटला होता. त्याला तिच्यातला फक्त गिअरबॉक्स हवा होता. हा दोन रेंजचा, हाताने टाकायच्या गिअरचा. त्यात नेहमीच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा असतो. तो ओढला की सगळे गिअर हळू पण ताकदीचे होतात आणि भरलेला ट्रेलर मागे असला तरी गाडी मुंगीच्या चालीने, न थांबता चढ चढते.

या मेहुण्याला सगळे मिस्त्री म्हणतात. माणसाच्या नाकावर राग असतो म्हणतात. मिस्त्रींच्या नाकावर तो मावत नाही, कानांवर पसरतो. कान लाल झाले की गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. ‘पटकन’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नाही. एकाने ‘जरा पटकन बघा ना’ म्हटलं, तर उघडलेलं इंजिन तसंच टोपलीत भरून त्याच्या हाती दिलं होतं. आमची वहिनी म्हणते, ‘ह्यांनी लग्नाला होकार दिला तोही ओरडून. मला वाटलं, नकार आहे.’

पण या वेळचा राग वेगळा होता आणि तो मला पटलेला होता. जनावरांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांना दगडाच्या खाणीवरच्या चढाने मेंढ्यांच्या वाड्यांवर जावं लागतं. मागे ट्रेलर, ट्रेलरवर जनावर अडकवायचा लोखंडी पिंजरा आणि औषधांच्या पेट्या. जुनी गाडी गंजून गेली तेव्हा बाईंनी त्याच कंपनीची नवी घेतली. नवीही चारही चाकं ओढणारी, पण गिअर आपोआप पडणारे आणि तो बुटका दांडा कंपनीने काढून टाकलेला. त्याऐवजी एक बटण. बटण दाबलं की पडद्यावर डोंगराचं चित्र येतं. खऱ्या डोंगरावर मात्र अर्ध्या चढात गिअरबॉक्स तापायचा आणि त्याच पडद्यावर ‘गाडी थांबवा’ असं यायचं. कंपनीच्या वर्कशॉपने बाईंना सल्ला दिला की अशा चढावर ट्रेलर नेऊ नका. मेंढ्यांना खाली बोलवा, एवढंच म्हणायचं ठेवलं होतं.

मिस्त्रींनी हे ऐकलं आणि हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. ‘माणसाने गाडीला सांगायचं की गाडीने माणसाला?’ त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की जुना गिअरबॉक्स नव्या गाडीत बसवायचा.

ठरवलं खरं, पण वर्कशॉप एकट्याचं नव्हतं. जागा मिस्त्री आणि त्यांचा धाकटा भाऊ अशी दोघांच्या नावावर. धाकट्याचा राग थंड. तो ओरडत नाही, ‘मालक’ म्हणतो. आपोआप गिअरच्या गाड्या आपल्याकडे येत नाहीत, आल्या तर आपल्याला येत नाहीत, तेव्हा टायरवाला मागतो आहे तोवर जागा विकावी, असं त्याचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही. मी दर शनिवारी त्यांचे हिशेब लिहायला जातो, कामं किती उरली आहेत ते मला ठाऊक आहे.

त्यात दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मिस्त्रींनी वडिलांचा लेथ, लोखंड कातायचं जुनं यंत्र, धाकट्याला न विचारता विकला, तेव्हापासूनची ही गोष्ट. धाकटा दर भांडणात लेथ काढायचा आणि मिस्त्री दर वेळी म्हणायचे, ‘मागचं काढायचं नाही.’ पुढे भांडणंही बंद झाली. मिस्त्री भिंतीकडे बघून सांगायचे, ‘त्याला म्हणावं तेल भर,’ आणि धाकटा पान्याला उत्तर द्यायचा.

शेवटी माझ्या बायकोने दोघांना आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसवलं आणि चहा निवेपर्यंत उठू दिलं नाही. तिथे ठरलं ते असं. बाईंची गाडी भरल्या ट्रेलरसह खाणीचा चढ पहिल्या खेपेला चढली, तर धाकट्याने विकण्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही चढली, तर मिस्त्रींनी सही करायची. मिस्त्रींचं वय एकसष्ट. वर्कशॉप गेलं तर ते जाणार कुठे, हा प्रश्न कुणी बोलून दाखवला नाही.

काम सुरू झालं. आपोआप गिअरचा बॉक्स उतरवला, क्लचचा पेडल टांगला, दांड्यांसाठी मधला पत्रा कापला, लांबीत फरक पडला म्हणून मागे जाणारा शाफ्ट जुन्या गाडीचा घेतला. गाडीचा कॉम्प्युटर रोज नवा दिवा लावून कुरकुर करत होता. दोघं अबोल, पण एकाने हात मागे केला की दुसरा हवा तोच पाना त्यात ठेवायचा. तोंडं बंद होती म्हणून कामं नीट चालली होती असं मला वाटलं. वाटण्याला काय लागतं.

एका शनिवारी कॉम्प्रेसर धडधडत होता. मिस्त्री पुढून गाडीखाली शिरून गिअरबॉक्स खांद्यावर तोलत होते आणि तो काही केल्या बसत नव्हता. धाकटा मागच्या चाकांपाशी आडवा होता. अचानक त्याने तिथूनच विचारलं,

‘मागचंही काढायचं का?’

कितीतरी दिवसांनी तो भावाशी सरळ बोलला होता. मिस्त्रींचे दिसत होते तेवढे दोन्ही कान लाल झाले.

‘मागचं काढायचं नाही! हजारदा सांगितलंय.’

धाकटा बाहेर आला, हात पुसले. ‘बरं. मालक म्हणतील तसं.’

मी टायरवर बसून बिलं लावत होतो. मलाही वाटलं, झालं, लेथ निघाला.

चढाच्या दिवशी मिस्त्री स्वतः गाडी चालवायला बसले. शेजारी बाई, मागे मी आणि धाकटा. सपाट रस्त्यावर गाडी छान गेली. बुटका दांडा ओढताना मिस्त्री हसले, हेही मी पाहिलं. मग चढाच्या पहिल्या वळणावर स्टिअरिंग जड झालं. मागची चाकं खडीवर अडखळल्यासारखी उड्या मारायला लागली. केस जळल्यासारखा वास आला. दुसऱ्या वळणावर गाडीने एक गचका दिला आणि ती उभी राहिली. मिस्त्री खाली उतरले, वाकून गाडीच्या पोटाला हात लावला आणि हात झटकला.

ते धाकट्याकडे वळले. मुद्दाम केलंस, तुला जागा विकायची होती, टायरवाल्याने किती दिले, असं बरंच काही बोलले. त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री श्वास घ्यायला थांबले आणि मग त्यांनीच विचारलं, ‘मागचं डिफरन्शियल बदललं होतंस ना?’

‘नाही.’

इथे वाचकांना सांगायला हवं. पुढच्या चाकांचे दाते या गिअरबॉक्सच्या पोटातच असतात. मागच्या चाकांचे दाते मागे, वेगळ्या पेटीत, तिला डिफरन्शियल म्हणतात. जुन्या गिअरबॉक्सचं प्रमाण चार पूर्णांक अकरा होतं, नव्या गाडीच्या मागच्या पेटीचं तीन पूर्णांक सत्तर. पुढची चाकं एका हिशेबाने फिरणार, मागची दुसऱ्या, आणि दोघांची ओढाताण मधल्या जोडणीत जळणार. म्हणून पुढचं बदललं की मागचंही काढून जुन्या गाडीचं बसवायचं. हे त्या दोघांनाही झोपेत ठाऊक होतं.

‘का नाही बदललंस?’

‘विचारलं होतं. मागचंही काढायचं का म्हणून. तू म्हणालास, काढायचं नाही.’

मिस्त्रींनी कान चोळला. ‘मला वाटलं, तू लेथचं...’

‘गाडीखाली पडून मी लेथचं कशाला बोलेन?’

‘मग पुन्हा विचारायचंस! दात्यांचा फरक तुला ठाऊक नव्हता?’

‘मला वाटलं, तू मोजले असशील, सारखे निघाले असतील. आणि तुला दोनदा विचारलं की काय होतं, ते मला ठाऊक आहे, दादा.’

त्यावर उत्तर बाईंनी दिलं. त्या इतका वेळ दगडावर बसल्या होत्या. ‘तुमच्या घरचं मागचं-पुढचं तुम्ही घरी बघा. वर मेंढ्या अडल्या आहेत आणि माझी गाडी जळते आहे.’ एवढं बोलून त्यांनी पेटी खांद्याला लावली आणि पायी चढायला लागल्या. धाकट्याने दुसरी पेटी उचलली आणि मागोमाग गेला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी भंगारातल्या गाडीचं डिफरन्शियल काढून बाईंच्या गाडीला लावलं. मधली जोडणीही बदलली. सगळा वेळ मोठमोठ्याने भांडत होते, पण एकमेकांशी. त्यानंतर गाडी त्याच ट्रेलरसह खाणीचा चढ चढली. बाई वरून हात करत होत्या.

मला वाटलं, वर्कशॉप वाचलं. खाली आल्यावर मिस्त्रींनी माझ्याकडे विक्रीचे कागद मागितले.

‘दादा, सही कोण मागतंय?’ धाकटा म्हणाला.

‘पहिल्या खेपेला, असं ठरलं होतं.’

‘गाडी चढली ना आता?’

‘दुसऱ्या खेपेला चढली. माझ्या कानांमुळे हरलो आहे, दाजी, कागद द्या.’

‘हरला तरी माज जात नाही याचा,’ धाकटा ओरडला. त्याला ओरडताना मी प्रथमच पाहिलं. त्याने कागद हिसकायला हात घातला, पण मिस्त्रींनी पेन इतकं दाबलं होतं की सहीखाली कागद फाटला. मला दुसरा आणावा लागला. त्यावरही त्यांनी सही केली. धाकट्याच्या सहीसाठी गेलो, तर त्याने मला दोन वेळा परत पाठवलं. शेवटी केली, तीही माझ्याकडे न बघता.

मला या दोघांचा अजून राग येतो. चार कान आणि दोन तोंडं असलेल्या माणसांनी एका वाक्यावर बापाची जागा घालवावी, याला काय म्हणायचं? बायको म्हणते, दादा शब्दाला जागला. जागला असेल. शब्द ऐकून घ्यायला जागला असता तर बरं झालं असतं.

तिथे आता टायरवाल्याची काचेची शोरूम आहे. धाकटा तिथेच चाकं बॅलन्स करतो. मिस्त्रींनी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक शटर भाड्याने घेतलं आहे. काम कमी असतं. संध्याकाळी धाकटा येतो, दोघं गिअरच्या आवाजावरून वाद घालतात आणि शेजारचा शिंपी आपलं शटर आपटून बंद करतो. डॉक्टरीणबाईंची गाडी अजून चढ चढते. तिचं बिल पूर्ण मिळालं. ट्रेलरच्या दिव्याची वायर नंतर बसवली होती, तिचे १८५ यायचे आहेत.