समदी घरी हायेत तवा

मासवणजवळच्या एका पाड्यावर मी ऐंशीच्या दशकात दोन वर्षं राहिले. एका छोट्या संस्थेत नोकरी होती. पाड्यामागचा ओहोळ दिवाळीनंतर आटायचा आणि घरंच्या घरं वीटभट्टीवर निघून जायची. ओहोळावर बांध घालून भाजीपाला करायचा, असं आम्ही ठरवलं होतं. काम पौषात सुरू करणार होतो.

बैठकीत पुरुषच बोलत होते. मागे बसलेली, माझ्याच वयाची एक बाई मूल कडेवर घेऊन उठली.

"पौषात आमी भट्टीवर. बांध कोन घालील?"

"मग कधी घालायचा?" मी विचारलं.

"भात झोडलं का लगेच. समदी घरी हायेत तवा."

"मुकादमाचा ट्रक येल ना," एक म्हातारा म्हणाला.

"थांबंल जरा."

त्यावर खूप वेळ वाद झाला. शेवटी तिचंच ठरलं. बांधाची जागाही पाड्यातल्या लोकांनी बदलली. गुरांना पाणी प्यायला उतरता येईल अशी निवडली.

बोईसरच्या कारखान्यांतून रिकाम्या गोण्या आणल्या. सगळा पाडा वाळू भरायला लागला. ती माझ्या शेजारी. माझा पदर सारखा सुटायचा, ती हसत खोचून द्यायची. ट्रक आला, काही घरं गेली. ती आणि तिचा नवरा मात्र थांबले. वाल, वांगी लावली.

दुपारी आम्ही पाण्यात पाय सोडून बसायचो. तिचं पहिलं मूल भट्टीवर, कच्च्या विटांच्या खोपटात जन्मलं होतं, तिथंच गेलं. "हितं पोर झाडाखाली निजलं तरी मना दिसतं," ती म्हणायची.

मग माझं लग्न झालं, मी नागपूरला गेले. त्या दुपारींसारखी सोबत मला पुन्हा कुणाची मिळाली नाही.

नव्वदनंतर एकदा पाड्यावर गेले. संस्था केव्हाच बंद पडली होती, पण बांध होता. पावसात वाहून जायचा, पण भात झोडून झालं की दर वर्षी लोक आपले आपणच पुन्हा घालत होते. ती नव्हती.

"बोईसरला गेली," शेजारीण म्हणाली. "नवऱ्याला कंपनीत काम भेटलं."

"कुठल्या चाळीत?"

"तां नाय ठावं, बाय."

बोईसरला उतरून मी चाळी पालथ्या घातल्या. कारखान्यांची पाळी सुटली होती, गल्ल्या माणसांनी भरल्या होत्या. एका दारातला माणूस म्हणाला, "यहाँ तो सब नये हैं, बहनजी."

अंधार पडेपर्यंत फिरले. कडेवर मूल असलेल्या प्रत्येक बाईकडे बघत होते. तिचं मूल आता केवढं झालं असेल, हे मला स्टेशनवर परतल्यावर सुचलं.