घमेलं रोज रिकामं व्हायचं

राहनाळला आमच्या गोठ्याच्या तिन्ही बाजूंना आता गोदामं उभी आहेत. शेती त्यांच्याखाली गेली, गुरं एकेक करून कमी झाली, शेवटी एक गाय उरली. ती कालवडीला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली. आई म्हणाली, "ही जगली पायजे. हिच्यामागं आपल्या दारात दुसरं जनावर न्हाय."

आईच्या गुडघ्यांनी तिला ओटीवरच बसवून ठेवलेलं. त्यामुळे कालवड माझ्या हवाली झाली. माझ्या! लग्नाच्या मांडवात नकला करून पाहुण्यांना जेवताना ठसका आणणं, एवढंच काम मी आजवर मन लावून केलं होतं.

गुरांच्या डॉक्टरांनी शिकवलं ते असं. वासरांसाठीची दुधाची पावडर कोमट पाण्यात घुसळायची. बोट तिच्या तोंडात द्यायचं, ती चोखायला लागली की हळूहळू हात बादलीत न्यायचा. पहिल्याच दिवशी तिने बादलीला अशी ढुशी दिली की मी डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. बायको दारातून म्हणाली, "अहो, मेकअप मस्त झालाय. आता एन्ट्री घ्या."

घेतली की! आठवड्याभरात मी गाईसारखा हंबरलो की कालवड दावं ताणून माझ्याकडे बघायची. दापोड्याचे पाहुणे आले तेव्हा मी हा खेळ तीनदा करून दाखवला. तिची जीभ खरखरीत होती, बोटाची सालं निघायची. तेही मी सगळ्यांना दाखवत फिरलो.

सात आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले, "दाणा समोर ठेवत जा. सलग तीन दिवस किलोभर दाणा संपवला की दूध तोडा."

आईही ओटीवरून रोज म्हणायची, "दाण्यावर घे तिला." मी सकाळी तिला उन्हात बांधायचो, पुढ्यात दाण्याचं घमेलं ठेवायचो आणि नाक्यावर गप्पा मारायला जायचो. दुपारी येऊन बघतो तर घमेलं चाटूनपुसून लख्ख. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी ओटीवर आईसमोर घमेलं उपडं करून दाखवलं. "बघ! दाणा शिल्लक न्हाय. पैलवान होणार तुझी नात!" आई तोंडाला पदर लावून हसली. मी दूध तोडलं.

कालवड ओरडायला लागली. बायको म्हणाली, "फार ओरडतेय हो."

"दूध तोडल्यावर सगळीच ओरडतात. चार दिवस हट्ट करेल, मग गप्प बसेल."

गप्प बसलीही. आईने ओटीवरून विचारलं, "आवाज कसा न्हाय तिचा?" मी म्हटलं, "शहाणी झाली." तिच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. उंच होतेय, असं मी स्वतःला समजावलं. आणि घमेलं तर रोज रिकामं होत होतं.

दूध तोडल्याच्या नवव्या दिवशी शेजारच्या गोदामाचा वॉचमन भिंतीवरून डोकावला. भला माणूस, मोठ्या आदराने म्हणाला, "चाचा, आप रोज इतने कबूतरों को दाना डालते हो, बडा सवाब का काम है. आपके जाते ही पूरा झुंड उतर आता है."

मी पळतच कालवडीकडे गेलो. ती मान टाकून बसली होती. पावडर घुसळली, पाणी किती कोमट तेही बघितलं नाही, बोट तोंडात दिलं. तिने दोनदा चोखलं. मग बोट नुसतंच तोंडात राहिलं. डॉक्टर आले, सलाईन लावलं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर केलात." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. गोदामाच्या कामावरच्या जेसीबीने एकाच फावड्यात तिच्यापुरता खड्डा काढला.

आईला मी आजार म्हणून सांगणार होतो. माझ्यासारख्याला काय अवघड होतं? पण आई आधीच म्हणाली, "मीच मेलीनं घाई केली. दाण्यावर घे, दाण्यावर घे म्हणून तुझ्यामागं लागले."

मग मी सांगितलं. हातवारे नाहीत, आवाज चढवणं-उतरवणं नाही. कबुतरं, घमेलं, नाक्यावरच्या गप्पा, सगळं. आईने एकच विचारलं.

"किती दिवस?"

"नऊ."

ती बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवत राहिली. नववं पेर आलं तिथे थांबली.

"नऊ दिस उपाशी. आवाज व्हता तवर ती तुला हाका मारीत व्हती."

काहीतरी द्यावं तिला, म्हणून घाईघाईने म्हटलं, "अकलोलीला एकाकडे कालवडी आहेत. उद्याच जाऊन आणतो. या खेपेला मी तिथून हलणार न्हाय, आई."

आईने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"नको रं," ती म्हणाली. "तुझ्या हातात नको."