बिननावाचा पुठ्ठा

"टोपल्या खाली उतरव. मांडणी राहू दे."

वकीलसाहेब एवढंच बोलले. माझ्याकडे न बघता. कर्जतच्या शाळेच्या मैदानात तालुक्याचं कलाकौशल्य प्रदर्शन भरलं होतं. वकीलसाहेब त्याचे चिटणीस. मी बुरडाचा पोरगा, बी.ए. झालेला. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिलाच.

टोपल्या माझ्या बापाच्या. सुपं, तांदूळ धुवायच्या रोवळ्या, परड्या, धान्याची नमुन्याची एक हातभर कणगी. मांडणी आम्ही दोघांनी केलेली. तिच्याबद्दल आधी सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच पेटलं.

बाकीच्यांनी भाड्यानं काचेची कपाटं आणली होती. आमच्याकडे बांबू होते. तेही पुढच्या महिन्याच्या विणकामाचे. बाप म्हणाला, "खिळा मारायचा नाय. बांबू फुटला की कामट्या वाया. सुरगाठीनं बांधू. परदर्शन झालं की एक हिसका, का सगळं मोकळं." काथ्याच्या गाठींवर तीन पायऱ्या उभ्या राहिल्या. भाताची पोती नदीवर धुतली, उलटी करून पायऱ्यांवर अंथरली. मागं आईचं निळं लुगडं ताणलं. तिच्याकडे दोनच. दुसरं अंगावर. "पिवळी कामटी निळ्यावर उठून दिसती," हे तीच बोलली. कॉलेजात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पुठ्ठा मी लिहिला. ठळक अक्षरांत. 'कर्जत तालुक्यातील बांबूकाम.'

बापानं पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. "यात माजं नाव कुठं हाय रं?"

"जागा नाय पुरली, आबा."

खोटं बोललो. जागा भरपूर होती. पण मामलेदार कचेरीत कारकुनीची जागा निघाली होती आणि मला वकीलसाहेबांची शिफारस हवी होती. नाव आलं की जात आली. मला वाटलं, नुसतं काम दिसू दे. बापानं कणगी जरा पुढं सरकवली, इतकंच.

सकाळी प्रदर्शन बघायला माथेरानवरून गोरा साहेब उतरून येणार होता. समोर वकीलसाहेबांच्या घरच्या बायकांचं भरतकाम दोरीवर टांगलं होतं. दोरी सैल पडली, चादरी मातीला टेकल्या. आणि आमच्यापुढं माणसं उभी. पोशीर गावची एक म्हातारी रोवळी उलटी करून वीण तपासत होती. "हात चांगला हाय गं," असं शेजारणीला सांगत होती. तेवढ्यात वकीलसाहेब आले आणि ते वाक्य बोलले.

"बांबू आमचे आहेत, साहेब," मी म्हणालो.

"पुठ्ठ्यावर नाव कुणाचं आहे? तालुक्याचं. मग मांडणीही तालुक्याची." आजूबाजूची मंडळी हसली. "तुमचा माल मागं ठेव, घोडे बांधलेत तिथं. आणि काय रे बी.ए., टोपल्या रचायला डिग्री लागते होय?"

त्यांचा गडी पुढं झाला. हातात तांब्या. त्यानं मांडणीवर पाणी शिंपडलं.

रीतच ती. आमच्या हातचं सूप घरात घेताना वर पाणी मारायचं. मग ते चालतं. बापाबरोबर दारोदार हिंडताना असे किती तांबे बघितले असतील. तेव्हा वाटायचं, ऊन असतं, म्हणून शिंपडत असतील. लहान होतो. आता पाणी आईच्या लुगड्यावर पडलं होतं. निळा रंग ओघळून पोत्यावर उतरत होता.

बाप वाकून टोपल्या गोळा करायला लागला. "जाऊ दे रं बाळा. मोठी मानसं हायती. तुजी नोकरी हाय."

अंगाची लाही झाली. वकीलसाहेबांवर, त्या तांब्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. लुटणारे ते, पण दार मी उघडं ठेवलं होतं. माझ्या सुंदर अक्षरात.

गड्यानं वरच्या पायरीवर भरतकामाची पहिली चादर अंथरली.

"चादर उचला," मी म्हणालो.

"शिफारस पाहिजे ना तुला?" वकीलसाहेब म्हणाले.

"नको."

गाठीचं मोकळं टोक हाताशीच होतं. ओढलं. मग दुसरं. मग तिसरं. बांबू धाडकन मातीत आले. चादरही आली. हसणारी मंडळी मागं सरली.

आम्ही बांबू खांद्यावर घेतले. फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला ओलं लुगडं जमिनीवर पसरलं आणि त्यावर सुपं मांडली. पुठ्ठा उलटा केला. कोळशानं बापाचं नाव लिहिलं, पूर्ण. खाली 'बुरूड'.

"काय लिवलंस?"

वाचून दाखवलं.

"पुन्यांदा वाच."

पुन्हा वाचलं. बापानं अक्षरांखालून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आता नोकरीचं काय रं?"

नोकरी मिळाली नाही. साहेबाची मोटार आमच्यापुढून धूळ उडवत गेली, थांबली नाही. आई ते लुगडं पुढं डागासकट नेसली.

पण त्या दिवशी ठरवलं ते मोडलेलं नाही. आमचं काम हवं त्यानं आधी आमचं नाव घ्यावं. मोठ्यानं, चारचौघांत. आणि तांब्या घेऊन दारात येणाऱ्याला आमच्या घरचं सूप मिळणार नाही. त्यानं आपलं भात ओंजळीनं पाखडावं.