चॅटमधली एक ओळ
सरकीचा वास आला की दिग्रसचा कापसाच्या जिनिंगजवळचा नेट कॅफे आठवतो. तिथे आरडाओरडा चालत नसे, म्हणून खेळताना सगळे स्क्रीनवरच्या चॅटमध्येच लिहायचे. माझा जोडीदार बंजारा तांड्यावरचा. एकदा ऐन खेळात तो गोरबोलीत, त्यांच्या घरच्या बंजारा भाषेत, लिहू लागला, आणि विरुद्ध टीममध्येही त्याच्याच तांड्याचा एक जण होता. हा त्याला माझी लपायची जागा सांगतोय, असं वाटून मी चॅटची खिडकीच बंद केली, तर लगेच मागून गोळी आली आणि मी बाद. ‘काहून बंद केलं बे? मागं पाह्य म्हणून तुलेच लिहून राह्यलो होतो,’ जोडीदार म्हणाला. ‘मग गोरबोलीत कायले?’ ‘घाईत घरचंच येते ना.’ मी मान डोलावली. खिडकी बंद करण्याआधी वाचलेली त्याची एक ओळ मला अजून पाठ आहे. आज माझे शेजारी घरात गोरबोलीच बोलतात, पण त्या ओळीचा अर्थ मी त्यांना विचारत नाही; तो ‘मागं पाह्य’ असा निघाला नाही तर?