चिमटा आणि गार बोटं

माझ्या पिशवीत तो चिमटा अजून आहे. बोटाला लावला की अंगातला ऑक्सिजन दाखवतो तो. कागदोपत्री त्याचं नाव ऑक्सिमीटर, पण आमच्या टाकवे गावात तो चिमटाच. सेल बदलून बदलून त्याचं झाकण सैल झालंय, मी त्याला रबर गुंडाळलंय, पण टाकून देणार नाही. ह्या चिमट्याने एकदा भर भाताच्या खाचरात, अख्ख्या आळीसमोर माझी अशी काही फजिती केली की आठवलं तरी अंगावर काटा येतो. आणि खरं सांगू? करोनाच्या त्या दोन वर्षांत त्या दिवसाइतकी खूश मी कधीच झाले नाही.

मी गावची आशा सेविका. गावाला मी आशाताई, माझं खरं नाव निम्म्या गावाला माहीतसुद्धा नसेल. दारोदार फिरायचं, ताप मोजायचा, चिमटा लावायचा, वहीत लिहायचं, हे माझं काम. आधी जी माणसं या ताई, चहा घ्या म्हणायची, ती मला लांबून बघितलं की दार लोटून घ्यायला लागली. एकीने तर आतून कडी घालून सांगितलं की आमी घरात न्हाई. मीही तोंडाची फटकळ. बाहेरून म्हटलं, बरं, घरात आलात की कळवा.

बाहेर अशी मी मस्करी करायचे आणि घरी येऊन हात धूत बसायचे. साबणाने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या तरी धुवायचे. मुलीला कुशीत घेऊन झोपल्याला किती महिने झाले ते मोजणंच सोडून दिलं होतं. सासू मला मागच्या दाराने घरात घ्यायच्या. न्हाणीत कढत पाणी काढलेलं, कपड्यांना वेगळी बादली, ताट पडवीत एकटं. सासूला आम्ही आत्या म्हणतो. मला त्यांचा राग यायचा, लय राग यायचा, पण बोलायची सोय नव्हती. पहिल्या लाटेत आत्यांचा पाठचा भाऊ गेला होता. रुग्णवाहिकेत चढताना त्याने बहिणीला लांबून हात केला आणि नंतर आला तो थेट शेवटचा फोन. तोंड बघायला मिळालं नाही, तोंडात पाणी घालायला मिळालं नाही. तेव्हापासून आत्या कुणाच्या जवळ म्हणून उभ्या राहत नव्हत्या.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं घडलं ते भाऊ. आमचे शेजारी. तुंगार्लीला तळ्याजवळच्या एका बंगल्यावर माळीकाम करायचे. दुसऱ्या लाटेत तिथंच त्यांना लागण झाली. कोविड सेंटरमध्ये राहून बरे होऊन आले, घरी वेगळं राहायचे दिवसही सरले, आता कामाला लागा असं डॉक्टरांनी सांगितलं. पण भाऊ गोठ्याशेजारच्या खोपीतून बाहेरच येईनात. ताट उंबऱ्यावर ठेवा म्हणायचे. दोन वर्षांचा नातू खोपीकडे धावला की भाऊंची बायको, आमच्या वहिनी, त्याला अर्ध्या वाटेतून उचलून न्यायच्या आणि पदराने डोळे पुसायच्या.

त्याचं कारण फक्त वहिनींना आणि मला माहीत होतं. सेंटरमध्ये भाऊंच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता. एका पहाटे त्याने पाणी मागितलं. आसपास कुणी नव्हतं, म्हणून भाऊंनी उठून आपल्या तांब्यातलं पाणी त्याला पाजलं. दुपारी तो गेला. तेव्हापासून भाऊंच्या मनाने एकच घेतलं होतं, की माझ्या तांब्यानं गेला. अहो, त्याला रोग आधीच होता, म्हणूनच तर तो तिथं होता, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं. ते मान हलवायचे आणि पुन्हा खोपीत जाऊन बसायचे.

आम्हाला फोनवर एक ट्रेनिंग झालं होतं. मनाचा त्रास ओळखायला माणसाला तीन गोष्टी विचारायच्या: झोप लागते का, जेवण जातं का, कुणाशी बोलता का. भाऊंची तिन्ही उत्तरं नाही. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. मी फोन लावून भाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून गव्हाणीच्या कडेला ठेवला, बोला ताई, ऐकतोय म्हणाले आणि वैरण आणायला निघून गेले. बाई बिचाऱ्या पाच मिनिटं गाईशी बोलत होत्या. मला हसू आवरेना, आणि घरी आल्यावर रडू आवरेना.

तेवढ्यात लावणी आली. एक दिवस वहिनी धापा टाकत आल्या. भाऊ म्हणतात यंदा आपलं रान पडीक राहू द्या, सावड बोलावू नका.

आमच्या आळीत भाताची लावणी सावडीने होते. आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या खाचरात. मजुरी नाही की आमंत्रण नाही, पाळी आली की माणसं येतातच. ज्याच्या पाळीला माणसं आली नाहीत तो गावात असून नसल्यासारखा. भाऊंना शेताची चिंता नव्हती, त्यांना ही भीती होती. कुणी आलंच नाही तर? त्यापेक्षा आपणच नको म्हटलेलं बरं. मला हे लगेच कळलं, कारण मीही तेच करत होते. त्यांनी येऊ नको म्हणू नये म्हणून मी माहेरी फोनच लावत नव्हते.

रोप वाढून पिवळं पडायला लागलं होतं. अजून चार दिवस गेले असते तर लावून काही उपयोग नव्हता. आणि रोपाचं एक वेळ जाऊ द्या, पण आता हा माणूस बाहेर आला नाही तर पुन्हा कधीच येणार नाही, अशी मला धडकी भरली.

माझं डोकंच फिरलं. तावातावाने डॉक्टरांना फोन केला. उघड्या रानात, एका खाचरात दोनच माणसं, मध्ये अंतर, तोंडाला फडकं, चालेल का? चालेल म्हणाले, फक्त ताप-खोकला असलेल्या कुणाला आणू नका. मग मी आळीत फिरायला सुटले. अंगात नुसतं वारं शिरलं होतं. इतके महिने मी लोकांना लांब व्हा, लांब व्हा म्हणून सांगत होते, आज पहिल्यांदा या म्हणून सांगत होते. जिभेला कसं गोड लागत होतं म्हणून सांगू. नवलाख उंबरे गावी कंपनीत जाणारा एक गडी म्हणाला, मी कामाची पाळी बदलून घेतो. एक मावशी म्हणाली, येते, पण भाऊच्या बांधाला जेवायला बसणार नाही. बरं, नका बसू. पण शेवटी सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी येऊन अडायची. आत्या काय म्हणतात?

कारण कुणाची पाळी कधी, कुणाकडे कोण गेलं, हे सगळं आत्यांच्या डोक्यात. त्या हो म्हणाल्या तर आळी उतरणार. मी पडवीत उभी राहून त्यांना सगळं सांगितलं, फक्त तांब्याचं तेवढं सांगितलं नाही. आत्या तांदूळ निवडत होत्या. मग म्हणाल्या, "समद्यांसमोर चिमटा लाव. पंच्याण्णवच्या वर आला तर बाया पान्यात उतरतील. न्हाई तर मी एकीलाबी पाठवणार न्हाई."

एवढंच ना! मी दोन दिवसांपूर्वीच भाऊंना चिमटा लावला होता, सत्त्याण्णव आला होता. मी उड्या मारायचीच बाकी होते. खोपीसमोर जाऊन भाऊंना सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, खरंच येतील? मी म्हटलं, नाही आले तर हे काम सोडून देते. असल्या पैजा मारायची मला खोडच आहे.

सकाळी बारीक पाऊस होता, वारं झोंबत होतं. मी ओढ्यावर चिमटा पुसून, हात धुऊन खाचरावर पोचले तर आळी आलेली! वीसेक माणसं, अंतर ठेवून बांधांवर उभी, तोंडाला पदर, डोक्याला प्लॅस्टिकची खोळ. बऱ्याच बाया पहाटेपासून स्वतःच्या चिखलात राबून तशाच भिजलेल्या आल्या होत्या. आत्या वरच्या बांधावर दगडावर कोरड्या बसलेल्या, खोळीच्या आत दोन्ही हात काखेत घालून. आणि भाऊ? भाऊ खाली रोपाच्या वाफ्यात बसले होते. उजाडायच्या आधीच वहिनींना घेऊन आले होते. माणसं आली तर त्यांना थांबायला लागू नये म्हणून दोघांनी निम्मं रोप उपटून, मुठी बांधून ठेवलं होतं. तीन तास गार पाण्यात. त्या मुठींची रांग बघून माझा ऊर भरून आला.

मी मोठ्या ऐटीत, जत्रेतल्या जादूगारासारखी पिशवी उघडली. भाऊंनी बोट पुढं केलं. चिमटा लावला. त्र्याऐंशी.

काढला, पुन्हा लावला. एक्क्याऐंशी.

माझ्या चेहऱ्याकडे बघूनच लोकांना कळलं. बांधावरची रांग चार पावलं मागे सरकली. भाऊंनी चिमटा काढून माझ्या हातात ठेवला. "मी म्हनलं व्हतं ना ताई," एवढंच बोलले आणि खोपीच्या वाटेला लागले.

मला रडू आलं ते रागाने. चिमट्याचा राग, माझ्या पैजेचा राग, देवाचा राग. पण पाठमोरे भाऊ बघता बघता मला काहीतरी खटकलं. हा माणूस तीन तास रोप उपटतोय, आता चढण चढतोय आणि त्याला धाप नाही. एक्क्याऐंशीवाला माणूस असा चालेल? मी धावत जाऊन त्यांना आडवी झाले. तिथंच उभं करून मिनिटभर श्वास मोजले. अगदी तुमच्या-आमच्यासारखे. ओठ बघितले, निळे नाहीत. बोटं बघितली आणि माझी ट्यूब पेटली. बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली, बर्फासारखी गार. मी चिमटा माझ्याच बोटाला लावला, ओढ्यात धुतलेल्या बोटाला. पंच्याऐंशी. वहिनींना लावला. चिमट्याने आकडाच दाखवला नाही. त्याच्या हिशेबाने वहिनी केव्हाच वारल्या होत्या.

मी हे मोठ्याने सांगितलं आणि बांधावर जो हशा पिकला! मावशी म्हणाली, मला लावू नगं बाई, मी सकाळधरनं चिखलात हाय, माझं तर तेरावंबी उरकलं असंल. ह्या चिमट्याला शहरातली कोरडी बोटं माहीत, लावणीतली बोटं कुठली माहीत असायला. आणि मी एवढी ट्रेनिंग घेतलेली बाई, मलाही ते सुचलं नाही. डॉक्टरांनी नंतर माझी चांगली खरडपट्टी काढली, म्हणाले, आकडा कमी आला की आधी मला फोन, परीक्षा नंतर. मग पुढच्या मीटिंगला त्यांनीच सगळ्या आशांना सांगितलं की लावणीच्या दिवसांत आधी बोट पुसा, चोळून ऊब आणा, थोडं थांबा, मग चिमटा लावा.

पण तेव्हा हसून भागणार नव्हतं. आत्या हसल्या नव्हत्या. आकडा आल्याशिवाय आळी उतरणार नव्हती आणि आकडा यायला भाऊंचे हात गरम व्हायला हवे होते. चहा घरून यायचा होता. माझे हात गार, वहिनींचे गार, भिजून आलेल्या सगळ्यांचेच गार. भाऊ स्वतःचे हात एकमेकांवर घासत होते, पण पाऊस त्यांना पुन्हा भिजवत होता. तशी दोन-चार मिनिटं गेली असतील. मग वरच्या बांधावर हालचाल झाली. आत्या उठल्या. खोळ सावरत, काठी टेकत खाली आल्या आणि भाऊंच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात कुणाच्या इतक्या जवळ मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांनी काखेतून हात काढले, त्या सगळ्या रानातले दोनच कोरडे, ऊबदार हात, आणि भाऊंचे दोन्ही पंजे त्यात घेऊन चोळायला लागल्या. वर आपली खोळ धरायला मला सांगितलं.

भाऊ ताठ उभे होते, आपला श्वास त्यांना लागू नये म्हणून तोंड एका बाजूला फिरवून, श्वास रोखून. आत्या चोळत राहिल्या. थोड्या वेळाने मी बोट पुसलं आणि चिमटा लावला. एक्क्याण्णव. पंच्याण्णव. सत्त्याण्णव. मी किंचाळलेच. माणसं भराभर बांधावरून उतरली, ज्याची त्याची खाचरं वाटून झाली, चिखलात पाय पडल्याचा चबचब आवाज यायला लागला.

आत्यांनी हात सोडले नव्हते. माझ्याकडे न बघता त्यांनी हळू आवाजात विचारलं, "माझ्या भावाचं असं कुनी केलं असंल का गं तितं?"

भाऊंनी तोंड वळवून आत्यांकडे पाहिलं. पडक्या आवाजात म्हणाले, "तितं मानसं एकमेकाला बघत्यात, आत्या. माझ्या शेजारी एक म्हातारा व्हता. त्याला मी माझ्या तांब्यातलं पानी पाजलं. मग तो गेला."

आत्यांनी डोळे मिटले, उघडले. भाऊंचे हात एकदा घट्ट दाबले.

"लय चांगलं केलंस रं," त्या म्हणाल्या. "मुखात पानी घिऊन गेला."

भाऊ मटकन बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. आत्या बाजूला उभ्या राहिल्या, एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवून. मग पाऊस वाढला, तसं वहिनींनी खालून हाक मारली की मुठी कमी पडतायत. भाऊ उठले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि रोपात उतरले.