आयडीई उघडतंय, थांबा!

कॉलेजच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. माझे सगळे एकाच रागाचे! मी मंचरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट. आमच्या विभागप्रमुख सरांचा हट्ट एकच: प्रोग्रॅम लिहायचा तर आयडीईतच. म्हणजे कोड लिहिणं, चुका शोधणं, चालवणं, सगळा संसार एकाच सॉफ्टवेअरमध्ये. चांगली गोष्ट आहे हो, पण आमचे कॉम्प्युटर म्हातारे. त्यांना हा संसार झेपायला नको?

*

पहिल्याच प्रॅक्टिकलला तीस जणांनी एकदम आयडीई उघडलं. पोरं चहा पिऊन आली तरी स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंयच!

"भाऊ, अजून एक कटिंग मारून येऊ का?" एकानं विचारलं.

सर म्हणाले, "यातून संयम शिकतात."

संयम! तास संपला राव!

*

मग मी गुपचूप एका मशीनवर साधा कोड एडिटर टाकला. छोटासा, क्लिक केलं की हजर. सरांनी पकडलं.

"लायसन कुठंय?"

"सर, फुकट आहे."

"फुकटचं कॉलेजात नको!"

माझ्या डोळ्यांदेखत काढून टाकला!

*

खोटं कशाला बोलू, एकदा सर खरे ठरले. हजेरीच्या प्रोग्रॅममधली चूक मी दोन दिवस शोधत होतो. सरांनी तो आयडीईत एकेक ओळ थांबवत चालवला, दहा मिनिटांत चूक सापडली. पण कुठल्या मशीनवर? त्यांच्या केबिनमधल्या कोऱ्या करकरीत!

"सर, असं मशीन लॅबला का नाही?"

"लॅबमध्ये धूळ असते."

*

परवाच्या परीक्षेत तळेघरच्या सुनंदाचं आयडीई उघडेचना. रडकुंडीला आली. मी पेनड्राइव्हवरून तिला एडिटर दिला. वीस मिनिटांत पोरीनं प्रोग्रॅम लिहून चालवूनही दाखवला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "बरोबर आहे."

"थांबा!" सर आले. "आयडीईत चालल्याशिवाय सही नाही!"

"हिचं वर्ष घालवता का सर?" मी ओरडलोच.

सर स्वतः तिच्या खुर्चीत बसले. आयडीईवर क्लिक केलं. गोल फिरायला लागलं. आम्ही सगळे बघत उभे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि सही करून टाकली.

सुनंदानं सॅक खांद्याला लावली.

"सर, माझी शेवटची बस हाय, मी निघते. तुमचं उघडलं की तुमीच रन करा. तळेघरला पोचले की फोन करून इचारते!"